व्हर्लिन आजोबांचा लांबलेला निरोप

या, असे पुढे सरका. दाराजवळ नका बसू. तिथं वारा लागतो, आणि दाराजवळ बसलेला माणूस गोष्ट रंगात आली की नेमका उठून जातो. कॉफी घ्या. वडी घ्या. आज तुम्हाला अशा माणसाची कथा सांगतो, जो ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी "बरं, येतो मी" म्हणाला आणि मे महिन्यात गेला. मधले सगळे महिने तो निघतच होता. हसताय? खुशाल हसा. हसणं प्रभूनंच दिलंय. पण कथा संपेपर्यंत उठू नका, एवढंच मागणं आहे.

आमचं गाव दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय. एका टोकाला विद्यापीठ, दुसऱ्या टोकाला विधानभवनाचा घुमट, आणि मधे विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेली लाकडी घरं, कुणी डावीकडे कललेलं, कुणी उजवीकडे. या घरांचे भाडेकरार सगळेच्या सगळे एकाच दुपारी बाराला संपतात, आणि नवे सुरू होतात दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. असं का, कुणाला ठाऊक नाही. विचारणं बरं दिसत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा अख्खी वस्ती एक दिवसापुरती बेघर होते, आणि पलंग, दिवे, गाद्या, मांजरांची घरं असं सगळं रस्त्याकडेच्या हिरवळीच्या पट्टीवर येऊन पडतं. पट्टीवर आलं ते उचलेल त्याचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आमच्याकडे दहा आज्ञांच्या खालोखाल मानतात.

आता मॅरेनचं ऐका. मॅरेन टॉल्व्हसन, पश्चिमेकडच्या टेकड्यांतल्या गवळ्याची पोर. बाप गाई राखतो, हिला मात्र वेड तळ्यांचं. तळं कधी गोठतं, बर्फाखाली मासे काय करतात, पाणी श्वास कसा घेतं, हे ती विद्यापीठात शिकत होती. शेवटचं वर्ष. त्या हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून मोजमापं घेतली की पदवी हातात. पण राहायला घर नव्हतं, आणि बापाचा फोन आला होता.

"हे बघ पोरी, छप्पर मिळालं तर राहा. नाही मिळालं तर बुधवारी ये. सँडीला वासरू व्हायचंय."

"बाबा, मी आलेच तर परत जाऊ शकेन ना?"

"जाशील की," बाप म्हणाला. "वासरू मोठं झालं की."

आणि मॅरेनला माहीत होतं, आमच्याकडे एका वासराच्या पाठोपाठ दुसरं येतंच.

घर तसं ठरलेलं होतं. स्प्रूस गल्लीतलं पिवळं घर, पुढे ओटा, मागे सफरचंदाचं झाड. पण मालकाची अट कडक होती. घर चौघांना. तिघांना नाही, पाचांना नाही. किल्ली घेताना चौघं समोर उभी पाहिजेत, आणि वर्षात एक जरी घर सोडून गेला तरी उरलेल्यांनी सामान बांधायचं. मॅरेन होती, मिलवॉकीचा डेझमंड होता, पिलार नावाची ट्रॉम्बोन वाजवणारी मुलगी होती. चौथा कोडी. तो जुलैत डुलुथच्या एका होड्या बांधणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडून उत्तरेला निघून गेला होता, आणि हे त्यानं किल्ली घ्यायच्या दिवशी सकाळी कळवलं. सोबत होडीचा फोटो.

रस्त्याच्या पलीकडे होड्या वल्हवणाऱ्या संघातली चार धिप्पाड पोरं सामानासकट उभी होती. यांना चौथा मिळाला नाही तर घर त्यांचं.

"घाई नाही हं!" ती अधूनमधून हात हलवून ओरडायची. "आम्ही आपले नुसतेच उभे आहोत!"

त्या धिप्पाड पोरांतला एक तर पिलारची गादी उतरवायला मदत करून गेला.

आदली रात्र आमच्या चर्चच्या तळघरात काढून मॅरेन आणि डेझमंड सकाळी ढकलगाडी घेऊन चौथा माणूस शोधायला बाहेर पडले. माणूस मिळेना. तेवढ्यात पट्टीवर एक आरामखुर्ची दिसली. तपकिरी, मऊ, दांडी ओढली की पाय वर होणारी. अशी खुर्ची सोडून पुढे जाणारा माणूस आमच्या गावात जन्मायचाय. दोघांनी दोन बाजूंनी धरली, उचलली, आणि मग डेझमंड म्हणाला, "मॅरेन, हिच्यात कुणीतरी आहे."

होतं. विणलेल्या घोंगडीखाली एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पडले होते, आणि मांडीवर ओट्सच्या वड्यांचं ताट.

"झोपलेत," मॅरेन कुजबुजली.

"उठवू या?"

"वेड लागलंय का? झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायचं?"

"मग खाली ठेवू."

"ठेवताना धक्का बसेल, जागे होतील. मग म्हणतील, खुर्ची उचलली आणि मी दिसल्यावर टाकून दिली. किती वाईट वाटेल त्यांना!"

डेझमंडनं विचार केला. त्यात तथ्य होतं. म्हणून त्यांनी खुर्ची म्हाताऱ्यासकट ढकलगाडीवर चढवली.

आता खरी गंमत ऐका. ते गृहस्थ झोपलेले नव्हतेच. व्हर्लिन स्टोके त्यांचं नाव. त्याच गल्लीत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. घर विकलं होतं, आणि ॲरिझोनातली भाची लवॉन त्यांना आपल्याकडे न्यायला आली होती. ती गाडीत पेट्रोल भरायला गेली, तेव्हा हे आपल्या खुर्चीत येऊन बसले, खुर्ची कशा माणसांच्या घरी जाते ते बघायला. पोरं आली तशी ते बोलणारच होते. पण पोरांनी खुर्ची उचलून टाकली. आता डोळे उघडले तर बिचारी ओशाळतील! म्हणून आजोबा डोळे मिटून पडून राहिले. वळणावर खुर्ची कलंडायला लागली तेव्हा त्यांनी झोपेत हलल्यासारखं करून तोल सांभाळला, एवढंच.

पिवळ्या घरासमोर मालकाचा माणूस ट्रेंट किल्ल्या घेऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडावर अपराधी भाव. "एक... दोन... तीन," तो म्हणाला. "मला खरंच फार वाईट वाटतंय, पण—" आणि त्याची नजर खुर्चीकडे गेली. "अरे वा! चौथे आपणच ना?"

व्हर्लिन आजोबांनी डोळे उघडले. मॅरेनचा चेहरा त्यांना दिसला. पलीकडची धिप्पाड पोरं हात हलवताना दिसली. सगळ्या आयुष्यात त्या माणसानं कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं.

"आता... तसं म्हणायला हरकत नाही," ते म्हणाले. "वडी घेणार का?"

सही झाली. किल्ली मिळाली. पलीकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सामान उचललं. मॅरेननं आजोबांना मिठी मारली, आणि नेमकी तेव्हा लवॉनची निळी गाडी ओट्यासमोर येऊन थांबली.

लवॉन म्हणजे साठीकडे झुकलेली, उन्हानं रापलेली, मोठ्या गॉगलची बाई. ती ओरडली नाही. आमच्याकडचीच पोर होती शेवटी. खिडकीतून म्हणाली, "मामा, मी पेट्रोल भरून आले तर तुम्ही गायब. शेजारी म्हणाले, तुम्हाला कुणीतरी पसंत करून घेऊन गेलं."

"हो ना," आजोबा म्हणाले. "चांगली मुलं आहेत."

"चला मग. लांबचा प्रवास आहे."

"हो हो. निघायलाच हवं."

बघा आता पेच. सकाळपासून म्हाताऱ्यानं दोन 'हो' देऊन ठेवले होते. पोरांना राहायचा हो, भाचीला निघायचा हो. एक पाळला तर दुसरा मोडतो, आणि मोडायचा कुठला, हे सांगायला 'नाही' म्हणावं लागतं. मॅरेन तर पांढरीफटक पडली. आजोबा गेले की तिघं. तिघं म्हणजे सामान बांधा. सामान बांधा म्हणजे वासरू.

आजोबांनी दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली. आमच्याकडे निघायची हीच खूण. म्हणाले, "बरं तर, येतो मी." आणि जागचे हलले नाहीत.

ज्याला आमचा निरोप ठाऊक नाही, त्याला हे कळायचं नाही. गुडघ्यावर थाप मारणं ही नुसती नांदी. मग बसल्या जागी एकदा हवापाण्याचं बोलायचं. मग उठून पुन्हा बसायचं. मग दाराशी आजारपणांची चौकशी. मग पायरीवर ऐन महत्त्वाची गोष्ट आठवायची. मग गाडीच्या खिडकीशी. जो पहिल्या 'येतो'ला खरंच जातो, त्याच्याबद्दल मागे लोक विचारतात, काय हो, काही बिनसलं का? आणि चालू निरोपात माणसाला "आटपा आता" म्हणणं! ते तर आमच्याकडे खुनी माणूससुद्धा करणार नाही.

लवॉननं गाडीचं इंजिन चालूच ठेवलं. "सावकाश होऊ दे, मामा," ती म्हणाली. "मी आहे गाडीत."

त्या संध्याकाळी हवापाणी झालं. दुसऱ्या दिवशी आजोबांना आठवलं की या पोरांचा निरोप घ्यायचा तर त्यांची ओळख तरी नीट व्हायला हवी. मग विद्यापीठामागच्या तळ्याकाठच्या गच्चीवर रंगीत खुर्च्यांत बसून त्यांनी गावाचा निरोप घ्यायला सुरुवात केली. सूर्य पाण्यात उतरायचा, पोरं ग्लास भरायची, आजोबा म्हणायचे, "हे शेवटचंच हं." शुक्रवारी तळलेल्या माशांच्या जेवणाचा निरोप. पुढच्या शुक्रवारी त्याच जेवणाबरोबरच्या कोबीचा निरोप, कारण गेल्या खेपेला कोबीकडे दुर्लक्ष झालं होतं. शनिवारी फुटबॉल. अख्खं गाव लाल कपडे घालून अंगणात सॉसेजं भाजायला बसलं, पिलारनं बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला, आणि आजोबांनी मैदानातल्या एकेका रांगेचा हात हलवून निरोप घेतला. आमचा संघ हरला. आजोबा म्हणाले, "हरलेल्या संघाला टाकून जाणं बरं दिसेल का?"

"मुळीच नाही दिसणार," डेझमंड म्हणाला.

लवॉन सगळीकडे गाडीतून मागोमाग यायची. इंजिन चालू. पेट्रोल संपत आलं की पोरं डबा घेऊन धावत, आणि चालू गाडीतच, जीव मुठीत धरून, ओतत. शेजारच्या बायका तिला खिडकीतून बटाटे घालून भट्टीत भाजलेला पदार्थ देत. भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून ती त्यात काहीतरी घालून देई, सहसा सफरचंदं. मागच्या आसनावर तिनं उशी आणली, मग टेबलदिवा, मग कुंडी. टपालवाला पत्रं गाडीतच टाकू लागला.

आणि रविवार! रविवारचं काय सांगू! व्हर्लिन आजोबा आमच्या चर्चमध्ये प्रभूच्या गोष्टी गाऊन सांगणारे जुने गृहस्थ. अर्धं बोलायचे, अर्धं गायचे. अकॉर्डियनचा भाता ओढला की गालिलीचं तळं समोर उभं राहायचं, आणि ते आपल्याच तळ्यासारखं दिसायचं. तो भर वादळात नावेत झोपलेला प्रभू, ती घाबरलेली शिष्यमंडळी! "आणि त्याला उठवावं की नाही," आजोबा गाऊन म्हणत, "यावर त्यांच्यात बराच वेळ चर्चा झाली," की आमचा सगळा समाज माना डोलवी, कारण आम्हीही तेच केलं असतं. पाद्रीणबाईंनी त्यांना निरोपाचं एक शेवटचं प्रवचन करायला सांगितलं होतं. आजोबांनी ते सप्टेंबरात सुरू केलं. बाराच्या ठोक्याला आख्यान वादळाच्या मध्यावर आलेलं असायचं. "पुढचं पुढल्या रविवारी," म्हणून ते भाता मिटत. आमेन नाही. आमेन झालं की प्रवचन संपलं, प्रवचन संपलं की निरोप संपला, आणि आजोबा गाडीत. हे सगळ्या चर्चला ठाऊक होतं. कुणी कुणाला बोललं नाही. नाताळ येऊन गेला तरी नाव अजून वादळातच होती.

थंडी पडली, तळं गोठलं. मॅरेन पहाटे उठून बर्फावर जाई, भोक पाडी, नळी सोडी, आकडे घेई. आजोबा शेजारी बादली उपडी टाकून त्यावर बसत. "तळ्याचा निरोप," ते लवॉनला ओरडून सांगत. लवॉन काठावर गाडीतून हात हलवी. बर्फाच्या दिवसांत आमच्याकडे गाडी एक दिवस रस्त्याच्या या बाजूला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूला लावावी लागते, नांगरगाडीला बर्फ सारता यावा म्हणून. त्यामुळे निरोपही रोज रस्ता ओलांडे. कधी ओट्यासमोर, कधी पलीकडच्या कुंपणापाशी, आणि आजोबा खिडकीत वाकून, "तर मी काय सांगत होतो..."

मग जानेवारीत ट्रेंट आला. त्याच इस्त्रीच्या शर्टावर जाड कोट.

"मला अगदी नको वाटतंय विचारायला," तो ओट्यावर बूट झटकत म्हणाला. "पण मालकांच्या कानावर आलंय की एक जण घर सोडून जातोय."

मॅरेननं हातातली चहाची किटली खाली ठेवली. खोटं बोलायचं नव्हतं. ती खोटं बोलणारी नव्हतीच.

"हो," ती म्हणाली. "निघालेत ते."

"निघालेत, की गेलेत?"

"निघालेत. ते बघा, गाडी उभी आहे. इंजिन चालू आहे."

ट्रेंटनं बाहेर पाहिलं. लवॉननं हात हलवला. त्यानंही हलवला.

"कधीपासून निघालेत?"

"उन्हाळ्यापासून," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "वडी घे रे बाबा. एकच राहिलीय."

शेवटची वडी! ट्रेंटनं सुरी घेतली आणि अर्धी कापून घेतली, कारण शेवटची अख्खी घेणार कोण? उरलेल्या अर्धीची डेझमंडनं अर्धी घेतली. तिची अर्धी पिलारनं. ट्रेंटनं पुन्हा तिची अर्धी. संध्याकाळ झाली तरी ताटात शेवटचा तुकडा होताच, मोहरीएवढा, आणि ट्रेंट बारीक चाकूनं त्याचे दोन भाग करत होता.

"कायदा असा आहे," तो शेवटी म्हणाला, "की गेला तर गेला. पण निघालेल्या माणसाला 'तू गेलास' असं मी कसं सांगू? माझी आई काय म्हणेल?" मग त्यानं गुडघ्यांवर थाप मारली. "बरं, येतो मी."

त्याला घरी जायला मार्च उजाडला. तोवर तो सोफ्यावर झोपत असे. भांडी मात्र चांगली घासायचा. तोही निघालेलाच होता, मुक्कामाला आलेला नव्हे, म्हणून पाचाचा प्रश्न आला नाही.

एप्रिलात बर्फ तडकला. मॅरेनची मोजमापं पुरी झाली, प्रबंध झाला, परीक्षा झाल्या. मे महिन्यात विद्यापीठाच्या मैदानावर तिचं नाव पुकारलं गेलं. बाप आला होता, गोठ्याचा वास अंगाला, डोळे पुसत. "सँडीला दोन झाली," एवढंच म्हणाला. उन्हाळ्यासाठी तळ्याच्या प्रयोगशाळेत मॅरेनला काम मिळालं होतं, खोलीसकट. आता पिवळं घर असलं काय, नसलं काय. डेझमंड आणि पिलारही आपापल्या वाटेला लागले होते.

पुढच्या रविवारी आजोबांनी भाता ओढला. वादळ गायलं. नाव हेलकावली. मग त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं, जिथं मॅरेन बसली होती, आणि प्रभूला जागं केलं. प्रभूनं वाऱ्याला म्हटलं, "उगी राहा." आजोबांनी ते इतकं हळू गायलं की बाहेर चालू असलेलं इंजिन आत ऐकू आलं. मग ते म्हणाले, "आमेन."

पाद्रीणबाई नाक पुसत होत्या.

चर्चच्या पायऱ्यांवर आजोबांनी कुणाशीही काही बोलणं काढलं नाही. सरळ चालत जाऊन गाडीचं दार उघडलं आणि बसले. शहारलो आम्ही. मॅरेन धावत लवॉनच्या खिडकीशी गेली.

"मावशी, मला माफ करा. तुम्हाला आम्ही इतके महिने गाडीत बसवून ठेवलं. माझ्या घरासाठी. तुम्हाला कळलं नसेल, पण—"

"अगं बाई," लवॉननं गॉगल काढला. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग इंजिन का नाही बंद केलं? आत येऊन राहिला असतात की!"

"बंद केलं असतं तर तो मुक्काम झाला असता. मुक्कामाला आलेल्या बाईनं जागेची अडचण केली असती. पाच झालो असतो, आणि तुझा तो ट्रेंट पोचला असता. शिवाय मामांना वाटलं असतं, आपल्यासाठी लवॉन अडकून पडलीय, आपण हिला थांबवतोय. ते लगेच निघाले असते. गाडी चालू होती म्हणून तर निरोप चालू होता." तिनं कुंडी मॅरेनच्या हातात दिली. "आणि खरं सांगू? त्या वाळवंटात माझ्या दाराशी कुणी दोनदा 'येतो' म्हणत नाही. एकदा म्हणतात आणि जातात. इथं मी नऊ महिने निरोपात बसून होते. खिडकीतून किती माणसं भेटली मला!"

आजोबा समोर बघत होते. "लवॉन, पोरीला उशीर होतोय," ते म्हणाले. म्हणजे 'आटप आता'च! आमच्या गावात इतकं कठोर वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

गाडी गेली. वळणावर थांबली नाही.

व्हर्लिन आजोबांना सगळे आठवतात. त्यांची गाणी आहेत, ती नाव आहे, ती मुलं आहेत. त्यांची काळजी मला नाही. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या दारात कुणी पाहुणा आलेला असेल, निघतो निघतो म्हणून पायरीवर रेंगाळत असेल, आणि बाहेर त्याला न्यायला आलेलं माणूस गाडीत एकटंच बसलेलं असेल, तर त्या वेळी लवॉनची आठवण काढा. आणि खिडकीतून त्या माणसाला काहीतरी खायला द्या.